राखणीचं तेवढं बघा

मी बत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. 'पुढील शब्दांचे दोन-दोन अर्थ लिहा' हा प्रश्न मी सहामाहीला आणि वार्षिकला न चुकता काढायचे. कर म्हणजे हात, कर म्हणजे सरकारी पट्टी. लिहिणाऱ्याला दोनपैकी दोन. एवढ्या जन्माची पुण्याई गाठीशी असताना, ज्या दिवशी तो प्रश्न मला स्वतःला सुटायला हवा होता, त्या दिवशी मी सपशेल नापास झाले. हे आधीच सांगून टाकते. पुढे मी इतरांची टवाळी करायला लागले की कोणी 'बाई, तुमचं काय?' म्हणायला नको.

आमचं घर मांडव्याच्या धक्क्यापासून रिक्षाने वीस मिनिटांवर. घर सासरचं, मी माहेरची सोलापूरकडची. आमचे 'हे' मुंबईला एका सरकारी कचेरीत आवक-जावक बघायचे. निवृत्त झाल्यावर म्हणाले, "आता गावी राहू." हे त्यांचं शेवटचं मोठं वाक्य. गावी आलो, त्यांनी ओटीवर खुर्ची टाकली आणि बसले ते बसलेच. चहा घेता? हं. जेवता? हं. घराला आग लागली आहे असं सांगितलं असतं तरी 'हं' म्हणून खुर्ची जरा बाजूला घेतली असती.

डॉक्टर म्हणाला, छंद लावा. मी लावला. मिरचीची रोपं आणली, ती वाळली. भजनी मंडळात पाठवलं, तिथे हे इतके गप्प बसले की लोकांना वाटलं मौनव्रत आहे, आणि दोघी-तिघींनी पाया पडून घेतलं. मी चारचौघांत हसून सांगायचे, "आमच्या घरी शांतता नांदते हो!" आणि मोरीचं दार लावून रडायचे. मला भीती वाटायची. हा माणूस बसल्या बसल्या, कोणाला न सांगता, 'हं' म्हणून निघून जाणार, ही भीती.

मग बदकं आली.

आमच्या मागे दोन वाड्या सोडून मुंबईच्या एका शेठचा बंगला आहे. आमच्याकडे आता असे बंगले भाताच्या खाचरांपेक्षा जास्त झालेत. शनिवारी दिवे लागतात, रविवारी संध्याकाळी विझतात, आणि मधले पाच दिवस माळी त्या घराचा मालक असतो. शेठच्या नातीचा वाढदिवस होता. तिला म्हणे चित्रातल्यासारखं तळं हवं होतं. तळं कुठून आणणार? म्हणून पोहण्याच्या हौदात पाच बदकं सोडली. बुटक्या जातीची, पांढरीशुभ्र, वितीएवढी, चोची आखूड, गाल फुगलेले. फोटो निघाले, केक कापला. दुसऱ्या दिवशी शेठ हौदात उतरले आणि तितक्याच वेगाने वर आले. बदक ज्या पाण्यात खातं त्याच पाण्यात बाकीचं सगळंही करतं, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी माळ्याला हुकूम दिला, "इसका कुछ करो." माळी भला माणूस. त्याने पाचही जणांना धुलाईयंत्राच्या खोक्यात घातलं आणि आमच्या ओटीवर आणून ठेवलं.

यांनी खोक्यात बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "यांना पाणी लागेल."

तीन शब्द! मी हातातला पोह्यांचा डबा खाली ठेवला.

त्या दिवसापासून या माणसाला वाचा फुटली ती फुटलीच. परसात खड्डा खणला, त्यावर ताडपत्री घातली, पाणी भरलं. तासाभरात त्या पाण्याची पेज झाली. उपसलं, पुन्हा भरलं. मुंगसाच्या भीतीने जाळीचं खुराडं केलं, त्यात भाताचं तूस पसरलं. पाव द्यायचा नाही, पोट फुगतं. वाटाणे द्यायचे, जीव टाकतात. हे सगळं यांनी फोनवर बघून वहीत उतरवलं. आणि नावं? आयुष्यभर जे बघितलं तेच सुचणार. जो सगळ्यात मोठ्याने ओरडायचा तो 'साहेब'. मान खाली घालून चिखल उपसणारा 'हेडक्लार्क'. टुकटुक चोच मारणारी 'टायपिस्ट'. उरलेले दोघे एकमेकांना सोडून कुठे जायचे नाहीत, कामही करायचे नाहीत, ते 'युनियन'.

एका सकाळी साहेबांनी अंडं घातलं. हे खुराड्यासमोर अवाक् होऊन उभे. बदकांत मोठा आवाज मादीचा असतो, नर नुसता घोगरं पुटपुटतो, हे त्या दिवशी कळलं. मी म्हटलं, "त्यात एवढं आश्चर्य कसलं? आपल्या घरी वेगळं काय आहे?" त्यावर हे हसले. दोन वर्षांत पहिल्यांदा, खो खो हसले. मी मोरीत गेले आणि परत रडले, पण या वेळी दार लावायचं राहून गेलं.

दिवसभर परसातून यांचा आवाज येऊ लागला. "हेडक्लार्क, काल दुपारी आपण कुठे होतात? रजेचा अर्ज कुठे आहे?" "युनियन, मागण्या लेखी द्या." संध्याकाळी डोकी मोजायची, "पाचही हजर," आणि खुराड्याला कडी. माणसांशी मात्र अजूनही 'हं'. माझ्याशी थोडं जास्त, एवढंच. मी म्हटलं, असू दे. बदकांच्या निमित्ताने का होईना, माणूस जिवंत आहे. ती पाच पांढरी बोचकी गेली तर हा माणूस परत खुर्चीत जाऊन बसेल आणि मग उठणार नाही, हे मला लख्ख ठाऊक होतं. म्हणून मी त्या बदकांचं सगळं काढलं. नाहीतर मला काय हौस होती घाण उपसायची!

आता आबा.

आबा म्हणजे यांचे चुलत चुलते. वय ऐंशीच्या अलीकडे-पलीकडे, अंगाने काटक, घरात एकटे. आमच्या परसाला आणि त्यांच्या परसाला मिळून एकच मेंदीचं कुंपण. कुंपणापलीकडे त्यांचं भात, अलीकडे आमची कचेरी. पहिल्याच पावसाळ्यात साहेब आणि मंडळी कुंपणाखालून गेली आणि आबांच्या रोपांत दौरा करून आली. आबा कुंपणाशी येऊन गरजले, "बाय, तुजी बदकां माजी अख्खी रोपां तुडवून गेली! येक दिस कापून रस्सा करनार हाय, सांगून ठेवतो!"

"करून तर बघा," मी म्हटलं.

हे बोलले नाहीत. यांनी लिहिलं. छत्तीस वर्षांची सवय हो. 'विषय: सामाईक कुंपणाच्या दुरुस्तीबाबत.' प्रत ग्रामपंचायतीला. आबांना लिहिता येतं जेमतेम सहीपुरतं, पण हार मानतील तर आबा कसले? त्यांनी झेरॉक्सवाल्याकडून उत्तर लिहून घेतलं. 'विषय: बदकांच्या डबक्यात डास होत असलेबाबत.' यांनी उलट टपाली कळवलं की बदकं डासांच्या अळ्या खातात, सबब डास आपलेच असावेत. मग आबांच्या कोंबड्याचा विषय निघाला.

तो कोंबडा मात्र बघण्यासारखा होता. तांबडाजर्द, शेपटीला हिरवी-काळी झाक, मानेत मस्ती. त्याची आई साप चावून मेली तेव्हा आबांनी त्याला सदऱ्याच्या खिशात घालून वाढवला होता. आबा टपरीवर निघाले की हा मागून, आबा बसले की हा बाकाखाली. आणि पहाटे असा आरवायचा की आमच्या भांड्यांना कंप सुटायचा. तेव्हा 'विषय: अवेळी आरवण्याबाबत' हा अर्ज यांनी लिहिला, आणि त्यातलं शुद्धलेखन मी तपासलं. 'कुक्कुट'मधला जोड-क मीच घातला. ग्रामसेवक बिचारा नवा होता. त्याने दोन्ही बाजूंचे सगळे अर्ज एकाच फायलीत लावले आणि फायलीवर लिहिलं, 'पक्षी'.

असं दोन वर्षं चाललं. काका-पुतणे भिंतीला भिंत लावून राहत होते आणि पोस्टाने बोलत होते. मला त्यात काही गैर वाटलं नाही. उलट गंमत वाटायची, आणि अर्ज झाल्यावर यांचा चेहरा जरा टवटवीत दिसायचा, ते एक.

दसरा झाला. भात पिवळं पडत चाललं होतं. एके दिवशी सकाळी बदकांचं पाणी बदलता बदलता हे खाली बसले. छातीत कळ. अलिबागच्या डॉक्टरने ईसीजीची पट्टी काढली आणि म्हणाला, आत्ताच्या आत्ता मुंबईला न्या, बायपास लागेल. गाडी दारात उभी राहिली. हे गाडीत टेकून बसलेत, ओठ पांढरे, आणि म्हणतात काय, "बदकांना कोण बघणार?"

कोण बघणार? माळी दिवाळीसाठी आधीच गावी गेलेला. आळीत ज्यांच्याशी बरं होतं ते सगळे कामावर. उरले आबा. तेही शेतावर. कुंपण ओलांडून दोनशे पावलं चालले असते तर ते बांधावर भेटले असते, हे मी आज सांगते. तेव्हा गाडी थांबलीय हे निमित्त होतं. खरं म्हणजे ज्या माणसाविरुद्ध मी 'कुक्कुट' शुद्ध लिहिला त्याच्या दारात हात जोडायचा मला कमीपणा वाटला. म्हणून मी गाडीतूनच त्यांच्या फोनवर बोलून पाठवलं. शब्द न् शब्द आठवतो: "आबा, यांचं हृदयाचं ऑपरेशन ठरलंय, मुंबईला नेतेय. पाची बदकं तुमच्या हवाली. राखणीचं तेवढं बघा."

आमच्या सोलापूरकडे राखण म्हणजे राखण. ज्वारी हुरड्यावर आली की माळ्यावर उभं राहून गोफणीने पाखरं हाकतात, ती राखण. मी त्याच अर्थाने म्हटलं: लक्ष ठेवा, जपा. लग्न होऊन चौतीस वर्षं झाली, पण त्यातली तीस वर्षं गावी राहिले ती गणपतीचे पाच दिवस आणि मे महिना. इथे राखण म्हणजे आणखी काय असतं ते मला ऐकून ठाऊक होतं. त्या क्षणी आठवलं नाही, एवढंच.

ऑपरेशन झालं. चार दिवस मी कसे काढले ते मला विचारू नका. पाचव्या दिवशी यांना खोलीत आणलं. नळ्या निघाल्या, उशीला टेकून बसवलं. पहिला प्रश्न, "बदकं?"

"मजेत," मी म्हटलं. तेवढ्यात फोन वाजला. आबा.

"बाय, कसा हाय तो?"

"बरे आहेत आबा. सगळं नीट झालं."

"व्हनारच! काल राखन दिली ना. नारल, बाटली, समदं रीतसार केलं. आलीतल्या समद्यांना वाटा गेला. तुमचा वाटा बर्फात ठेवलाय, येशील तवा ने." आणि ठेवला फोन. आबा फोनवर कधी समोरच्याचं ऐकत नाहीत, आपलं सांगून झालं की झालं.

राखण दिली. अगं बाई! इथे वेशीवर वडाखाली एक शेंदूर लावलेला धोंडा आहे, तो गावाचा राखणदार. पीक कापायच्या आधी, किंवा घरावर संकट आलं की, त्याच्यापुढे कोंबडा कापतात, तिथेच रांधतात, घरोघर वाटा जातो. त्याला इथे राखण म्हणतात. ती 'करत' नाहीत, ती 'देतात'. आणि आमच्या आळीची राखण गेली चाळीस वर्षं कोण देतं? आबा! मी काय बोलून पाठवलं होतं? नवऱ्याचं ऑपरेशन आहे. पाची बदकं तुमच्या हवाली. राखणीचं तेवढं बघा. यापेक्षा स्पष्ट मराठी मी जन्मात बोलले नव्हते.

"कोणाचा फोन?" यांनी विचारलं.

"गॅसवाल्याचा."

व्हरांड्यात येऊन मी आळीचा वॉट्सॅपचा गट उघडला. पत्रावळीवर तांदळाची भाकरी, शेजारी लालभडक रस्सा, वर तरंगणारी कोथिंबीर. खाली एकेकाचं कौतुक. 'वहिनींच्या नावाची राखण, बेत झकास.' 'रस्सा अप्रतिम, दादांना लवकर आराम पडो.' चार हात जोडलेले, दोन फुलांचे गुच्छ. कोणीतरी लिहिलं होतं, 'अशी राखण दर वर्षी व्हावी.' मेल्यांनो! माझा नवरा दर वर्षी कापून घ्यायचा का मग?

आता तुम्ही म्हणाल, सरळ फोन करून विचारायचं, बदकं आहेत की नाहीत. विचारलं असतं तर कळलं असतं. कळलं असतं तर माझ्या तोंडावर दिसलं असतं, आणि डॉक्टर रोज सकाळी येऊन बजावत होता, मनाला धक्का बसता कामा नये. म्हणून मी कळून न घ्यायचं ठरवलं. एकदा धीर करून आबांना लावला, तर उचलला नाही. मला बरंच वाटलं. आबांचा राग तरी कसा करणार? त्यांनी तर माझ्याच शब्दाला मान दिला होता. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

मी एक मूर्खपणा केला. औषधं आणायला जाते म्हणून पक्ष्यांच्या बाजारात गेले. म्हटलं, पाच बदकं न्यावीत आणि गुपचूप सोडावीत. दुकानदाराने दाखवली ती हंसाएवढी, पिवळट. म्हणाला, "घेऊन जा ताई, वाढली म्हणून सांगा." मी म्हटलं, बारा दिवसांत? म्हणाला, "गावची हवा चांगली असते." मी तिथल्या तिथे त्याच्यावर इतकी ओरडले की शेजारच्या पिंजऱ्यातले पोपट गप्प झाले. बिचाऱ्याचा काय दोष होता?

बाराव्या दिवशी घरी सोडलं. डॉक्टरला विचारलं, गाडीने न्यावं की बोटीने? तो म्हणाला, "आत्ता टाके घातलेत. आपल्या रस्त्याने नेलंत तर पेणपर्यंत उसवतील. बोटीनेच न्या." तेव्हा गेटवेवरून बोटीत बसलो. हे खिडकीशी. मांडीवर स्टीलचा छोटा डबा. मी विचारलं, यात काय? यांनी झाकण उघडलं. वाटाणे. इस्पितळातल्या कालच्या आणि आजच्या जेवणातले, धुऊन पुसून ठेवलेले.

"साहेबांना आधी द्यायला लागतील," हे म्हणाले, "नाहीतर टायपिस्टला टोचतात."

मी समुद्राकडे बघत बसले. तासाभराचा प्रवास, आणि मी मनात शंभर वाक्यं जुळवली. 'अहो, एक सांगायचंय.' 'अहो, मुंगूस आलं होतं.' शेवटी तर 'अहो, ती उडून गेली' इथपर्यंत आले. त्या जातीची थोडीफार उडतात म्हणे. मुलांच्या खोट्या सबबी मी बत्तीस वर्षं पकडल्या, आणि एक धड सबब मला जुळवता येईना. हे मात्र बोलत होते. खुराड्याची जाळी बदलायला हवी, थंडीत तूस जास्त घालावं लागेल. बोटीत एवढी माणसं, पण मला यांच्याशिवाय कोणाचा आवाज ऐकू येत नव्हता. मला वाटत होतं, ऐकून घे बाई, पोटभर ऐकून घे.

रिक्षा दारात थांबली. मी म्हटलं, आधी जरा पडा. यांनी ऐकलं नाही. छातीला उशी धरून, डबा दुसऱ्या हातात, एकेक पाऊल टाकत हे घरातून मागच्या दाराकडे निघाले. मी पुढे होऊन कडीवर हात ठेवला.

"अहो, थांबा. मला काही सांगायचंय."

"मग सांग," म्हणत यांनी माझा हात बाजूला केला आणि दार उघडलं.

परसात असा काही गलका झाला! साहेब पुढे, पंख पसरलेले, घसा फाडून ओरडतायत. मागे हेडक्लार्क, टायपिस्ट, आणि शेवटी युनियन, दोघे एकमेकांच्या पायात अडकत. पाच. मी मोजले, परत मोजले. पाच! डबक्यात पाणी स्वच्छ, खुराड्यात कोरडं तूस. "पाचही हजर," हे म्हणाले आणि दगडावर बसून वाटाणे टाकायला लागले. मी पायरीवर फतकल मारली आणि भोकाड पसरलं. यांना वाटलं, ऑपरेशनचा ताण.

मग कुंपणाशी आबा दिसले. हातात एक झाकणाचा डबा. मी डोळे पुसत तिकडे गेले. हे बदकांत होते, पाठ आमच्याकडे.

"तुमचा वाटा," आबा म्हणाले. "गरम करून खा. त्याला नको देऊ, तेल हाय."

"आबा," मी हळू आवाजात म्हटलं, "मग ही राखण कशाची दिलीत?"

"कोंबड्याची. राखनदाराला बदक चालत न्हाय. परक्या मुलखाचा पक्षी."

"कोणाचा कोंबडा?"

आबा मेंदीची पानं खुडायला लागले. मी त्यांच्या अंगणाकडे बघितलं. टपरीवर जायची वेळ झाली होती, आबांच्या पायात चपला होत्या आणि मागे कोणी नव्हतं.

"आबा, मी राखण म्हटलं ते नुसतं लक्ष ठेवा म्हणून हो. कापायला नव्हतं सांगितलं."

आबांनी पानं खुडायचं थांबवलं. मग म्हणाले, "आता सांगतंस?"

मी डबा हातात घेतला. आबांनीच पुढे सांगितलं. "मी धरला व्हता तो मान खाली घालून चालनारा. सुरी पन नेली व्हती. मंग वाटलं, हा बरा होऊन येनार, दार उघडनार, आन् बोलनार कुनाशी? ल्हानपनी माज्या खांद्यावं बसून खाडी उतरायचा गो तो. तोंडाचा पट्टा बंद नसायचा. आता चार वरसां झाली गावात येऊन, माज्याशी येक शबुद न्हाय. नुसते कागद. पन बदकांशी बोलतो. रोज सांजचा मी हितं मेंदीआड बसून आयकतो. ती कापली असती तर मना काय आयकाला आलं असतं?"

इतके दिवस मला वाटत होतं, या माणसाचा आवाज परत आल्याचं सुख मला एकटीलाच आहे. मी 'करून तर बघा' म्हणायचे तेव्हा आबा दमदाटी करायला येत नव्हते, हाक मारायला येत होते. इतकं साधं मला कळलं नाही, आणि मी शुद्धलेखन तपासत बसले. माझी मलाच लाज वाटली.

मी वळून हाक मारली, "अहो, इकडे या. आबा आलेत."

वाटलं, 'हं' म्हणतील. हे उठले. उशी छातीशी धरून, बदकांची रांग मागे, कुंपणापर्यंत आले. काका-पुतणे समोरासमोर उभे राहिले. आबांची मान किंचित पुढे झुकलेली, ऐकायला येत नाही अशा माणसासारखी. यांनी एकदा त्यांच्या रिकाम्या अंगणाकडे बघितलं.

"आबा," हे म्हणाले, "तुमचा कोंबडा दिसत नाही कुठे?"

आबांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"इकला," ते म्हणाले. "लय आरडायचा."

मी डबा पदराखाली घेतला आणि तिघांचा चहा टाकायला आत गेले.